थांबायला जागा किती आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्हा तालुक्यातले चार मित्र आहेत. दोघांचं आयटीआय फिटर झालंय, एक डिप्लोमाला आहे, एक घरची शेती बघतो. भंगारातल्या १०० सीसी मोटरसायकलचं इंजिन घेऊन त्यांनी तीन चाकांची, झोपून चालवायची गाडी उभी केलीय आणि तिच्यावर ताशी १५० किलोमीटर गाठायचं ठरवलंय. गाडीचे फोटो पाठवून ते विचारतात की इंजिनचं बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, वाढवावं का, बॉडी कशाची करावी, आणि पहाटे चार वाजता समृद्धीवर एक फेरी मारून घेतली तर काय बिघडतं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो चुकला तर बाकीचे विचारायला तुम्ही उरणार नाही. समृद्धीवर तीनचाकीला प्रवेश नाही, मोटरसायकललाही नाही. कारला १२० ची मर्यादा आहे. तुमच्या गाडीची नोंदणी नाही आणि होणारही नाही. सार्वजनिक रस्त्यावर लेखी परवानगीशिवाय वेगाची चाचणी घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये बसतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी तुमची गाडी जमिनीपासून अडीच फूट उंच आहे. मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला ती कुत्र्याएवढी दिसेल, तेही दिसली तर. आणि कुंपण कितीही घाला, रोही (नीलगाय) कुठून आत शिरतो ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. तेव्हा समृद्धी विसरा. गावचा डांबरी रस्ताही विसरा.

आता बाकीचं. माझं लेथचं वर्कशॉप आहे, तीस वर्षं झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, थ्रेशरचे शाफ्ट, बोअरवेलच्या मोटारी हे रोजचं काम. हिवाळ्यात मात्र चार महिने एक गाडी शेडमध्ये उभी असते, तिला गावात सगळे 'वाळूक' म्हणतात, कारण ती तशीच दिसते. लांबट, हिरवी, दोन्हीकडून निमुळती. तिलाही तुमच्यासारखंच १०० सीसीचं, आठ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. कागदावर ती ११३ जायला पाहिजे. दोन्ही दिशांनी पळवून मोजलेली तिची सरासरी १०२ आहे. हे अकरा किलोमीटर कुठे गेले, त्यातच तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर आहे. इंजिन कमी पडलं नाही, रस्ता संपला.

आमच्याकडे जी पट्टी मिळते ती साधारण तेराशे मीटरची आहे. गाडीला शून्यावरून ९० ला जायला सव्वाचारशे मीटर लागतात. ९० वरून १०० ला जायला आणखी तीनशे. १०० वरून १०७ व्हायला पुन्हा चारशे. वेग वाढतो तशी हवा इंजिनची सगळी ताकद खाऊन टाकते, वाढीसाठी उरते ती चिमूटभर. आता मागून मोजा. १०२ वरून थांबायला आमच्या ब्रेकला कागदावर सव्वाशे मीटर लागतात, आणि मी कागदावरच्या आकड्याच्या तिप्पट जागा सोडतो. म्हणजे पावणेचारशे गेले. शंभर मीटर वेग मोजायला. उरले सव्वाआठशे. त्यात गाडी जेवढी जाईल तेवढीच जाणार, मग तुम्ही तिच्यात विमानाचं इंजिन घाला नाहीतर पाण्याच्या पंपाचं. म्हणून मला कुणी नवी गाडी दाखवायला आणली की मी इंजिन बघत नाही. विचारतो, थांबायला जागा किती आहे?

तिप्पट का, तेही सांगतो. दुसऱ्या हिवाळ्यात पुढच्या दोन्ही चाकांना मोटरसायकलचे १३० मिमीचे ड्रम ब्रेक होते, प्रत्येकाची केबल वेगळी, दोन्ही एकाच पेडलला बांधलेल्या. वर्कशॉपच्या अंगणात छान लागायचे. ८५ ला पेडल दाबलं तर डावं चाक आधी धरलं, उजवं नंतर, आणि मी पट्टी सोडून थेट कडेच्या तरोट्याच्या तणात. गाडी उलटली नाही, कारण तरोटा दाट होता आणि नशीब होतं. शेजारचे एक काका आयुष्यभर शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धुरकरी (जोडी हाकणारे) राहिलेले. ते संध्याकाळी आले, दोन केबली बघितल्या आणि म्हणाले, "दोन बैलाइले एकच जू कायले लागते, माहीत हाय का? एक ओढते, एक कुचराई करते, जू बराबर करते." दुसऱ्या दिवशी मी पेडल आणि केबलींच्या मधे एक आडवी पट्टी टाकली, मधोमध बिजागरीवर, दोन टोकांना दोन केबली. एक केबल आधी ताणली गेली तर पट्टी कलते आणि ओढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते. तीस वर्षं लेथवर घालवून हे मला बैलगाडीवाल्यानं शिकवलं. तुमच्या फोटोत मला वेगवेगळ्या केबली दिसतायत.

तसं पाहिलं तर हे वेड आपल्याकडे नवं नाही. शंकरपट म्हणजे सरळ रेषेत, ठरलेल्या अंतरावर, सेकंदाच्या बारीक हिशोबात जोडी पळवणंच. पटाची रेंगी, म्हणजे जोडीमागची छोटी गाडी, किती हलकी करतात ते बघितलंय ना? धुरकऱ्याला बसायला एवढीशी जागा, बाकी सगळं कापून टाकलेलं. २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि पट पुन्हा सुरू झाले, १८ मे २०२३ ला न्यायालयानं राज्याचा कायदाही वैध ठरवला. तिथे जाऊन एक गोष्ट बघा. जोडी सुटते तिथे कुणी फारसं थांबत नाही. जाणकार माणसं शेवटाला उभी असतात, बैल आवरायला.

इंजिन फुगवायचा मोह. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनानं. वेग दुप्पट हवा तर हवेसाठी आठपट ताकद लागते. बोअर वाढवून, कार्ब्युरेटर मोठा करून तुम्ही दहा टक्के ताकद काढलीत तरी वेग तीन-चार टक्केच वाढेल, आणि शिवाय पिस्टन जाम व्हायची भीती. त्यापेक्षा हवेशी भांडण कमी करा. तेच आठ हॉर्सपॉवरचं इंजिन मोटरसायकलवर, माणूस सरळ बसलेला, ताशी ८२ च्या आसपास दम सोडतं. माणूस झोपला, समोरून दिसणारा आकार एक तृतीयांश झाला, की तेच इंजिन ११० च्या पुढे जायची गोष्ट करतं. यात इंजिनला हातही लावलेला नाही.

हे तुम्हाला फुकटात तपासता येतं. सपाट, बंद जागेत गाडी ६० ला न्या, न्यूट्रल करा, आणि ६० वरून ५० ला यायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन्ही दिशांनी, पाच-पाच वेळा. वाळकावर बॉडी नव्हती, मी उठून बसलो होतो, तेव्हा पाच सेकंद लागायचे. बॉडी घालून झोपल्यावर नऊ. बॉडीवर ताणलेला फ्लेक्स कुठे फडफडतोय, चाकावर झाकण घातल्यानं फायदा झाला की नुसतं वजन वाढलं, हे सगळं त्या सेकंदांत दिसतं. एका रविवारचं काम आहे. इंजिनवर खर्च करण्याआधी हे करा.

बॉडी कशाची? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर बिल बर्क नावाच्या माणसानं लढाऊ विमानाखाली लटकवायची पेट्रोलची जादा टाकी भंगारात घेतली आणि १९४६ मध्ये तिच्यात इंजिन बसवलं. आकार आधीच हवेसाठी केलेला, त्याला फक्त चाकं लावायची. त्यातून 'बेली टँक' गाड्यांची एक जातच निर्माण झाली. आपल्याकडे विमानं पडत नाहीत, पण निवडणुका पडतात. वाळकाचा सांगाडा पीव्हीसी पाइप गरम करून वाकवलेला आहे, नाकाला फवारणीच्या निळ्या ड्रमचा तुकडा आणि बाकी अंगावर फ्लेक्स, उलटा करून ताणलेला आणि हिरवा रंगवलेला. आतून अजून एका उमेदवाराचा अर्धा चेहरा दिसतो. चालवताना तो माझ्या गुडघ्यापाशी हसत असतो. फ्लेक्स ताणायचा तो डफाच्या कातड्यासारखा, सैल राहिला की ८० ला फुगतो आणि सगळी मेहनत वाया. पुढचं नाक गोल चालतं, टोकदार करायची गरज नाही. शेपटी मात्र लांब आणि हळूहळू निमुळती हवी. बहुतेक पोरं उलटं करतात, पुढे भाला आणि मागे भिंत.

शेपटीचं दुसरंही काम आहे. बाणाला पिसं मागे का असतात? आडवा वारा लागला की गाडीला ढकलणारा जोर वजनाच्या मध्याच्या मागे पडला पाहिजे, मग ती आपोआप सरळ होते. पुढे पडला तर वळत जाते. थर्माकोलचं छोटं मॉडेल करा, खऱ्या गाडीचा जिथे तोल येतो तिथेच त्याचाही तोल येईल असं वजन लावा, तिथे दोरा बांधा आणि डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे धरून फिरलं तर ठीक. आडवं झालं तर शेपटीला पत्र्याचा पंखा उंच करा.

तुमची दोन चाकं मागे आहेत, एक पुढे, ऑटोसारखं. हे मला पटलेलं नाही. उलट करा. दोन पुढे, एक मागे, चालक पाय पुढे करून झोपलेला. ब्रेक लावला की वजन पुढे येतं आणि तिथे दोन चाकं असतात. डोकं पुढे करून पोटावर झोपायची आयडिया डिप्लोमावाल्याची असावी. पुस्तकात ती चांगली दिसते, बांधाला धडकल्यावर दिसत नाही.

गिअरिंगचं गणित तोंडी करता येतं. आमच्या इंजिनची खरी ताकद ८००० आरपीएमला. वरच्या गिअरमध्ये इंजिन ११ वेळा फिरलं की मागचं चाक एकदा फिरतं, चाकाचा घेर १.८ मीटर. म्हणजे ८००० भागिले ११, गुणिले १.८, गुणिले ६०, ताशी ७८ किलोमीटर. पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं होतं, मागचं ४४ चं. पुढे १६, मागे ३८ केलं तर तेच गणित १०४ वर येतं. मी ११३ साठी गिअरिंग केलं नाही, कारण ११३ ला पोचायला रस्ताच नाही. फार लांब गिअरिंग केलं की वरच्या गिअरला इंजिन रडतं आणि तुम्ही म्हणता इंजिन कमजोर आहे.

साखळीला लोखंडी पत्र्याचं झाकण हवंच, तुमच्या डोक्याच्या आणि साखळीच्या मधे. ३ मार्च १९२७ ला वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर वेगाचा विक्रम करायला निघालेला पॅरी-थॉमस 'बॅब्स' नावाच्या गाडीत मेला. ती गाडी तिथेच वाळूत पुरली आणि १९६९ मध्ये पुन्हा उकरून काढली. साखळी तुटून त्याला लागली असं लोक वर्षानुवर्षं सांगत आले. खरं कारण काहीही असो, माझ्या झाकणाचा पत्रा तीन मिलीमीटरचा आहे.

टायर नवे घ्या. बाकी सगळं भंगारातून चालेल, टायर नाही. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. शेवटी एक अक्षर असतं : जे म्हणजे १००, एल म्हणजे १२०, पी म्हणजे १५०. तुम्हाला १५० पाहिजे तर पी च्या खाली बोलायचं नाही. १०२ च्या वेगाला आमच्या चाकाच्या कडेवरची वस्तू स्वतःच्या वजनाच्या २८५ पट जोरानं बाहेर ओढली जाते. दहा ग्रॅमचा बॅलन्सचा तुकडा पावणेतीन किलोच्या वर ओढ देतो. व्हॉल्व्हवर रंगीत टोप्या लावणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुढची चाकं ७० च्या आसपास थरथरायला लागली तर वेग वाढवून ती थरथर 'पार' करायची नाही. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या टोकांतला ढिलेपणा काढा, बेअरिंग बघा, किंगपिनचा (ज्या खिळीवर चाक वळतं तिचा) कल दोन्हीकडे सारखा आहे का ते कोनमापकानं मोजा. आमच्याकडे एका बाजूला दोन अंशांचा फरक निघाला होता. वेल्डिंगच्या वेळी पाइप तापून सरकला होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

डोक्यामागची कमान जाड सीमलेस पाइपची करा, नळाच्या जीआय पाइपची नको. जस्ताच्या थरावर वेल्डिंग धड धरत नाही आणि त्या धुरानं ताप येतो तो वेगळाच. पट्टा चार ठिकाणी बांधलेला, हेल्मेट आयएसआयचं, टाकीत लिटरभरच पेट्रोल. आणि मनगटाला बांधलेली दोरी, हात सुटला की इंजिन बंद. थ्रेशरला असली दोरी असती तर आपल्याकडच्या किती जणांचे हात वाचले असते.

जागेचं बोलू. कुणीतरी मला विचारलं होतं की अमेरिकेत बोनव्हिलला मिठाच्या मैदानावर पळवतात, मग आपल्या खारपाणपट्ट्यात का नाही? बाबा, पूर्णेच्या खोऱ्यात मीठ आहे ते पाण्यात. वर काळी मातीच आहे, आणि उन्हाळ्यात तिला ज्या भेगा पडतात त्यात अख्खं पुढचं चाक जाईल. लोणारचं नावही काढू नका, ते अभयारण्य आहे. दक्षिण आफ्रिकेत हाकस्कीन पॅन नावाच्या सपाट मैदानावर 'ब्लडहाउंड' या जेट गाडीसाठी तिथल्या गावकऱ्यांनी हातानं १६,५०० टन दगड वेचले, तेव्हा कुठे २०१९ मध्ये ती गाडी ताशी हजार किलोमीटरच्या पुढे गेली. दगड वेचणं आपल्याला येतं, दरवर्षी पेरणीआधी तेच करतो, पण तेवढी कडक सपाट जमीन आपल्याकडे नाही. मध्य प्रदेशात पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा गोल ट्रॅक आहे, तो गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. आपल्यासाठी उरते ती वापरात नसलेली धावपट्टी किंवा एखाद्या कारखान्याचा आतला सरळ रस्ता. ज्याच्या ताब्यात आहे त्याची लेखी परवानगी, पोलीस स्टेशनला पत्र, १०८ ला आधी कळवून ठेवणं. मला एका कार्यालयानं पहिल्या परवानगीसाठी चौदा महिने फिरवलं. अर्जात 'रेस' हा शब्द होता. 'वाहन चाचणी' लिहिलं, आराखडा जोडला, थांबण्याची जागा लाल रंगात दाखवली, तर पाच आठवड्यांत मिळाली. त्या लाल पट्ट्यावर साहेबांनी बराच वेळ बोट ठेवलं होतं.

हंगाम नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, सकाळी दव सुकल्यावर, वारा उठायच्या आत. मे महिन्यात हवा पातळ असते म्हणून गाडी जास्त पळेल असं काही जण म्हणतात. हवा बारा टक्के पातळ होते हे खरं, पण इंजिनलाही तीच पातळ हवा प्यावी लागते, ताकदही तेवढीच उतरते. वर डांबर मऊ होतं आणि वावटळी उठतात त्या वेगळ्या.

वेग मोबाइलवर बघून सांगू नका. हातातल्या स्टॉपवॉचवरही नाही. १०२ ला शंभर मीटर साडेतीन सेकंदात संपतात. अंगठा ०.२ सेकंद चुकला की सहा किलोमीटरचा फरक, आणि अंगठा नेहमी आपल्या बाजूनंच चुकतो. दोन टोकांना दोन प्रकाशकिरणांचे सेन्सर आणि एक छोटा आर्डुइनो बोर्ड लावा, आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सवाला पोरगा दोन दिवसांत करून देईल. आणि परत उलट दिशेनं पळवा. जागतिक विक्रमालाही हाच नियम आहे, तासाभरात दोन्ही दिशांनी, मग सरासरी. अँडी ग्रीननं १५ ऑक्टोबर १९९७ ला थ्रस्ट एसएससी ही जेट गाडी घेऊन ताशी १२२८ किलोमीटर केलं तेही असंच मोजलेलं आहे. पाठीवर वारा घेऊन एकदाच पळणारे चहाच्या टपरीवर पुष्कळ भेटतात.

राहिले तुमचे १५०. आमच्या वाळकाएवढीच हवा कापणारी गाडी असेल तर चाकापाशी १४ हॉर्सपॉवर पाहिजे, म्हणजे इंजिन १६-१७ चं, आणि दोन किलोमीटरच्या वर रस्ता. १०० सीसीवर ते होणार नाही असं नाही, पण त्यासाठी गाडीचा हवेतला आकार वाळकाच्याही निम्म्याखाली आणावा लागेल. घाई कशाची आहे? न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोनं १९२० ची इंडियन स्काउट मोटरसायकल घेतली, नवी होती तेव्हा ती ताशी ८८-९० जायची. पिस्टन स्वतः ओतले. १९६७ मध्ये बोनव्हिलला त्याच गाडीनं १००० सीसीच्या आतल्या गटात २९६ केलं, तेव्हा तो ६८ वर्षांचा होता. तुमचं चौघांचं वय मिळवलं तरी त्याच्यापेक्षा फार जास्त होणार नाही.

या महिन्यात एवढं करा : चाकांची मांडणी उलटी, ब्रेकच्या केबलींना मधली पट्टी, आणि ६० वरून ५० ची मोजणी. इंजिनला पाना लावू नका. मोजणीचे दहाही आकडे कागदावर लिहून आणा, चांगले तेवढे निवडून नको. बाजाराच्या दिवशी वर्कशॉप बंद असतं, त्या दिवशी या. येताना पुढचा स्टिअरिंगचा भाग खोलून घेऊन या, किंगपिनचा कोन सोबत बसून मोजू.